न पडणारा शेअर

मी संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. भाजीवालीने न मागता कोथिंबीर घातली, तर मी आधी पिशवीतले टोमॅटो उलटेपालटे करून बघते. आमचे हे म्हणतात, "तुला देव प्रसन्न झाला तरी तू त्याचं आधारकार्ड मागशील." म्हणू देत. ह्याच स्वभावावर अंगणवाडी सेविकांच्या निवृत्ती निधीने मला सत्तावीस वर्षं पगार दिलाय. पैसा कुठे गुंतवायचा हे ठरवणारे वेगळे. तो तिथे बुडणार नाही ना, हे तपासायचं काम माझं.

तर २०४१च्या जानेवारीत ईशान दामल्याने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. ईशान आमचा प्रमुख, वय पस्तीस, हुशार, आणि आयुष्यात अजून एकदाही फसलेला नाही. अशा माणसाची मला काळजीच वाटते.

"राजश्री मॅडम, एक्केचाळीस," तो म्हणाला. त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता.

हा आकडा कसला, ते सांगायला हवं. समजा, दोन शेअर आहेत. दोघांनीही वर्षाला सरासरी पंधरा टक्के दिले, पण एक संथ चालला आणि दुसरा उड्या मारत. जुन्या पद्धतीत जोखीम मोजायची म्हणजे शेअर सरासरीपासून किती हलतो ते मोजायचं. वर गेला तरी हलला, खाली आला तरी हलला. पण वर गेल्याबद्दल कोणी रडत बसत नाही. म्हणून सॉर्टिनो गुणोत्तरात फक्त खालच्या बाजूची घसरण धरतात. आधी एक किमान परतावा ठरवायचा. आमचा आठ टक्के, कारण तेवढा मिळाला नाही तर सेविकांची पेन्शन भागत नाही. त्या आठाच्या वर शेअरने जे कमावलं त्याला, आठाच्या खाली तो ज्या ज्या वेळी आणि जितका जितका गेला त्या घसरणीच्या मापाने भागायचं. उत्तर एक आलं तर बरं. दोन आलं तर उत्तम. तीन आलं तर मी पुन्हा तपासते.

एक्केचाळीस मी कधी पाहिलं नव्हतं. भागाकारात खालचा आकडा शून्याजवळ गेला की उत्तर आभाळाला टेकतं, हे शाळेतलं गणित आहे. ह्याचा अर्थ, हा शेअर जवळजवळ कधी पडतच नव्हता.

"महिन्याला दोनचार शेअरसुद्धा विकले जात नाहीत," मी कागद वाचत म्हणाले. "जो विकलाच जात नाही, तो पडणार कसा?"

"मॅडम, ते जुनं गणित झालं. पडताळ भूतकाळ बघत नाही. माणसं बघतं."

पडताळ हे आमचं यंत्र. गेल्या सहा वर्षांत देशातल्या सगळ्या निधींनी ते घेतलं होतं. ज्याच्या ज्याच्या नावावर शेअर आहे त्याची एक प्रतिकृती ते तयार करतं. त्याचा वीस वर्षांचा खर्च, बचत, कोणत्या बातमीला त्याने काय विकलं, मनगटावरच्या घड्याळाने टिपलेली नाडी, सगळं त्यात येतं. लोकांनी ह्याला कधीतरी, कुठल्यातरी लांबलचक अर्जाच्या शेवटी, संमती दिलेली असते. मग यंत्र त्या प्रतिकृतींपुढे दहा हजार वाईट दिवस उभे करतं. युद्ध, दुष्काळ, मालकाला अटक. कोण घाबरून विकतो आणि समोर घेणारे किती आहेत, हे मोजतं. जे दिवस अजून आलेच नाहीत त्यांच्यातली घसरण काढायची, अशी ही युक्ती. ती चांगली आहे, हे मला मान्य आहे.

"कंपनी कोणती?" मी विचारलं, आणि कागदाचा वरचा भाग उलगडला. बोरजाई कास्टिंग्ज.

बोरजाई माझं माहेर. गावात ह्याच कंपनीची ओतशाळा, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे आणि सगळं गाव तिच्यावर उभं आहे. कंपनी नवी होती तेव्हा पगाराला पैसे नव्हते, म्हणून मालकांनी कामगारांना शेअर दिले. तेव्हापासून गावात एक रीत पडली. मुलीच्या लग्नात तिच्या ओटीत नारळाबरोबर दहा शेअर घालायचे. ते जवळ आहेत तोवर तू गावाची, असा त्याचा अर्थ. ते शेअर विकणं म्हणजे माहेर तोडणं. माझ्याही ओटीत वडिलांनी दहा घातले होते आणि ऑफिसात मी ते दरवर्षी लेखी कळवत आले होते. तपासणाऱ्याकडे त्या कंपनीचे शेअर असता कामा नयेत, असा आमचा नियम आहे.

"दहा शेअर म्हणजे काय हो," ईशान हसला. "सूट देतो तुम्हाला. वीस तारखेला समिती बसत्येय. कंपनी नवी भट्टी घालायला वीस हजार नवे शेअर काढत्येय आणि ते सगळे आपण घेतोय. तुमची सही तेवढी हवी."

म्हणजे एकशे अडुसष्ट कोटी रुपये. दोन लाख बायकांनी महिन्याच्या मानधनातून काढून ठेवलेले. माझ्या सहीवर ते माझ्याच माहेरी जाणार होते. गुरुवारी मी बोरजाईची गाडी पकडली.

कंपनीत काहीतरी लबाडी आहे, अशी माझी खात्री होती. मी दोन दिवस ती शोधली. भट्ट्यांचं वीजबिल पाहिलं, वाळूच्या गाड्या मोजल्या, पाळी सुटताना गेटवर उभी राहून माणसं मोजली. हिशेबात दाखवलेलं सगळं जागेवर होतं. माल खरा, गिऱ्हाईक खरं, नफाही खरा. खरं सांगायचं तर माझा थोडा विरसच झाला.

मग माझा संशय घरावर आला. माझा धाकटा भाऊ धैर्यशील ह्याच कंपनीत फोरमन आहे. मी पाय धुऊन आत येते न येते तोच त्याने विचारलं, "आक्का, तुझं दहा हायत न्हवं?"

"आहेत की."

जेवताना पुन्हा विचारलं. "ठेवलंयस न्हवं नीट?" हात धुताना तिसऱ्यांदा. एरवी हा माणूस तोंड उघडायचे पैसे मागेल. कंपनीतलं काहीतरी ह्याला ठाऊक आहे आणि बहिणीपासून हा ते लपवतोय, असं माझ्या मनाने घेतलं.

त्याची बायको संयोगिता भाकरी थापत होती. ती उठली तेव्हा मी चपापले. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत ती अंगणाकडे गेली आणि पायऱ्या बसून बसून उतरली. लहान मूल उतरतं तशी.

"गुडघे केव्हापासून असे झालेत?"

"झाली की चार वर्सं," ती म्हणाली. "डाक्टर म्हनतोय दोन्ही बदला. बघू म्हनं पुढल्या साली."

"धैर्या, अरे बाई सरपटत्येय घरात! चांगला पगार आहे तुला. पैसे कुठे जातात?"

"हायत की पैसं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "अडकल्यात जरा."

"कशात?"

"अडकल्यात," म्हणून तो उठला.

बोरजाईत घरोघरी देव्हाऱ्याशेजारी एक छोटी पाटी असते आणि तिच्यावर कंपनीचा भाव दिसतो. त्या दिवशी भाव सकाळपासून चढत होता, संध्याकाळी तो तीनशेंनी वाढून चौऱ्याऐंशी हजारांवर थांबला. धैर्यशीलने हात जोडले. संयोगिता मात्र दिवा लावता लावता पुटपुटली, "परत वाढला मेला."

मी सत्तावीस वर्षं ह्या धंद्यात आहे. भाव पडला म्हणून शिव्या देणारे हजारो पाहिले. वाढला म्हणून शिवी देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

"वाढला तर तुझं काय गेलं गं?"

तिने धैर्यशीलकडे पाहिलं. "काय न्हाई वन्सं. तोंडातनं गेलं."

"तुझेही दहा आहेत ना? वीक की. दोन्ही गुडघे होतील."

तिने हातातली काडी फुंकली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "असलं बोलू नये वन्सं. माजा भाऊ हाय अजून."

भाऊ आहे म्हणून विकायचे नाहीत, हे मला तेव्हा रीतीचंच बोलणं वाटलं. परतीच्या वाटेवर मी ते दहादा घोळवलं. आमच्या गणिताचा सगळा पाया एवढाच की वाढण्याचा कोणाला त्रास होत नाही. इथे कोणालातरी होत होता, आणि का होतो ते मला कोणी सांगत नव्हतं.

सोमवारी मी ईशानला म्हणाले, "माझी प्रतिकृती काय म्हणते, ते बघू दे."

स्वतःचं उत्तर तपासून घ्यायची सोय पडताळमध्ये आहे. मी खोलीत बसले, घड्याळ जोडलं. यंत्राने शांत आवाजात विचारलं, "भाव निम्म्यावर आला तर आपण विकाल?"

"विकेन."

"पतीच्या आजारपणासाठी विकाल?"

"विकेन."

"कोणत्याही कारणाशिवाय, आज विकाल?"

"हो, विकेन."

पडद्यावर अक्षरं आली. आपली उत्तरं विश्वासार्ह नाहीत. आपण विकणार नाही, शक्यता नव्याण्णव टक्के.

मला राग आला, आणि राग आला तो यंत्राचं खरं होतं म्हणून. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. वाकून ओटी भरणारे त्यांचे हात मला अजून दिसतात. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणारी मी, त्या दहा कागदांवर मात्र कधी घेतला नव्हता. बोरजाईच्या चार हजार लेकींसारखीच मीही एक होते, आणि आमच्या सगळ्यांच्या मायेला यंत्राने सुरक्षितता असं नाव देऊन टाकलं होतं.

मी जागेवर येऊन ईशानला लेखी कळवलं, मला सूट नको. नियमाप्रमाणे मी माझे शेअर विकून मगच सही करीन. त्याने मान हलवून मंजूर केलं. माझा हिशेब सरळ होता. घेणारं कोणी नसेल तर माझ्या दहा शेअरनेसुद्धा भाव कोसळेल आणि एक्केचाळीसचा फुगा फुटेल.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी विकायची सूचना दिली.

तीन सेकंदांत दहाही शेअर गेले. चौऱ्याऐंशी हजारांनाच गेले, एक रुपया कमी नाही. भाव हललासुद्धा नाही. पडताळने नोंद घेतली की न विकणारी बाईसुद्धा विकून गेली तरी शेअर पडला नाही, आणि एक्केचाळीसचे त्रेचाळीस केले.

"बघा!" ईशान म्हणाला.

मी बघत होते. तीन सेकंद. असा कोण टपून बसला होता?

तेवढ्यात फोन वाजला. धैर्यशील. घाबराघुबरा.

"आक्का, काय झालं? दाजींना काय झालं काय? दवाखान्यात हायत का? मी निघतो, गाडी काढल्या."

"अरे, काही झालं नाही. सगळे ठीक आहेत. तुला कोणी सांगितलं?"

"मग इकलंस कशापायी?" त्याचा आवाज फुटला. "मी घेतलंय सगळं. काळजी करू नगंस. तुजं हितंच हाय, बाहेर गेलं न्हाई."

मी एकेक करून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं.

छोट्या कंपन्यांच्या बाजारात काही वर्षांपासून एक सोय आहे. विकणाऱ्याचं नाव घालून खरेदीची मागणी कायमची लावून ठेवता येते. ह्या माणसाने कधीही विकलं, तर त्या दिवशीच्या भावाने मी घेईन. पैसे मात्र आधीच खात्यात गोठवावे लागतात. बोरजाईत बहिणीचं लग्न झालं की प्रत्येक भाऊ अशी मागणी लावतो. बहिणीवर विकायची पाळी आली तर तिचं माहेर परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून. वडिलांनी जाताना त्याच्याकडून हे वचन घेतलं होतं. बहिणींना हे कोणी सांगत नाही, सांगितलं तर त्यांना ओझं वाटेल. भाव चढला की गोठवलेले पैसे कमी पडतात आणि त्यात भर घालावी लागते. मागच्या चार वर्षांत भाव दुप्पट झाला. संयोगिताचे गुडघे प्रत्येक वेळी पुढल्या सालावर गेले.

"मग मला तीनतीनदा का विचारत होतास?"

"त्या दिवशी तीनशे चढला न्हवं? माझ्याकडं भर घालाय न्हवती. तेवढ्यात तू इकलं असतंस तर अब्रू गेली असती माझी."

मला रडू आलं. ऑफिसात, सगळ्यांसमोर, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या भावावर मी लबाडीचा संशय घेतला होता आणि तो माझ्यासाठी पैसे राखत बसला होता. आणि त्याच वेळी त्याला दोन थोबाडीत माराव्यात असंही वाटलं, कारण राखत तो बसला होता, पण सरपटत ती होती.

डोळे पुसून मी बाजाराच्या कचेरीत फोन लावला. मागणीवरची नावं गुप्त असतात, यंत्रालाही दिसत नाहीत. मी म्हणाले, नावं मला नकोतच. बोरजाईच्या शेअरच्या किती मागण्यांवर विकणाऱ्याचं नाव घातलंय, एवढंच सांगा. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. पडताळला चाळीस हजार शेअरना घेणारे दिसत होते. त्यातले सतरा शेअर सोडले तर बाकी प्रत्येक मागणीवर कोणा ना कोणा बाईचं नाव होतं.

वीस तारखेच्या समितीत मी उभी राहिले. म्हणाले, "हा शेअर पडत नाही, कारण त्याच्याखाली चार हजार भावांनी हात धरलेत. पण प्रत्येकाने आपापल्या बहिणीपुरतेच. आपल्याला पेन्शन द्यायला दरमहा दोनशे शेअर विकावे लागणार. पहिल्या महिन्यात सतरा विकले जातील आणि मग कोणी नाही. निधीला भाऊ नाही."

ईशानने नावाच्या मागण्या वगळून पडताळ पुन्हा चालवलं. त्रेचाळीसच्या जागी शून्य पूर्णांक सहा आलं. गुंतवणूक रद्द झाली.

"घसरण नव्हती असं नाही," बाहेर पडताना मी त्याला म्हणाले. "ती घरात मोजली जात होती." संयोगिताने विकले असते तर तिच्या भावाने घेतले असते, आणि तिच्या भावजयीचं काहीतरी पुढल्या सालावर गेलं असतं. ईशान पहिल्यांदा फसता फसता वाचला होता, तेव्हा आता बरा होईल.

गावात व्हायचं ते झालं. नवी भट्टी लांबली. ओतशाळेत धैर्यशीलला लोक विचारू लागले, तुझी बहीण अशी कशी? आठ दिवस त्याने माझा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी घेतला.

"धैर्या, आठ लाख चाळीस हजार माझ्याकडे पडून आहेत. तुझेच आहेत ते. संयोगिताचे गुडघे करून घे."

"बहिणीचं पैसं घेत न्हाई मी," तो तुटकपणे म्हणाला. "इकलंस ते इकलंस. आता त्याच्यावर बोलायचं न्हाई."

"अरे, पण ती..."

"बोलायचं न्हाई म्हटलं न्हवं!"

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. भिंतीला धरून कोणी येत असावं. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"वन्सं," संयोगिताचा आवाज आला. दबका, पण ठाम. "माझ्या खात्यात टाका. ह्यांच्या न्हाई. ह्यांच्यात गेलं की परत कुणाच्या तरी नावानं गोठवून बसतील."

"टाकते. आत्ता टाकते. डॉक्टरांकडे कधी जातेस? तारीख घे आधी."

"घेतल्या की. येत्या शुक्करवारची."

"कधी घेतलीस गं?"

"तुम्ही इकलासा न्हवं, त्याच दिवशी," ती म्हणाली. "ह्यांस्नी अजून सांगितलं न्हाई."